झाड एक, मतं पाच: ख्रिसमसचं झाड घरच्यांनी मिळून निवडताना

आमचं पहिलं झाड छताला टेकलं. शेंडा वाकून आडवा झाला आणि त्यावर लावलेली चांदणी दोन दिवस खाली मान घालून सोफ्याकडे बघत होती. ख्रिसमसच्या झाडांच्या शेतात उभं असताना तेच झाड आम्हाला ‘जरा लहानच आहे’ वाटलं होतं. मोकळ्या आभाळाखाली सगळीच झाडं लहान दिसतात, हे घरी आल्यावर कळलं.

त्याला आता बारा वर्षं झाली. एवढ्या काळात झाड निवडायची आमची पद्धत पाच-सहा वेळा बदलली, कारण निवडणारी माणसंच बदलत गेली. थोरला तेव्हा सात वर्षांचा होता, धाकटी खांद्यावरून खाली उतरत नव्हती आणि आजी (माझ्या सासूबाई, पण घरात सगळेच त्यांना आजी म्हणतात) आमच्या पुढे चालायच्या. तुम्ही यंदा पहिल्यांदाच झाड आणणार असाल, तर आमच्या चुका तुम्ही करायची गरज नाही. तुमच्या तुम्ही नवीन कराच.

१. आधी घरातली जागा मोजा, आणि आकडे कागदावर लिहा

‘अंदाज आहे’ म्हणणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नका. आमच्याकडे तो माणूस माझा नवरा होता.

छताच्या उंचीतून एक फूट वजा करा. स्टँड आणि चांदणी मिळून तेवढी जागा खातात. छत ८ फुटांवर असेल, तर झाड ७ फुटांच्या आतलं. रुंदीकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. सहा फुटी झाडाचा खालचा घेर सहज चार फूट रुंद असतो. जिथे झाड ठेवायचं तिथे तेवढ्या आकाराचं वर्तमानपत्र अंथरा आणि एक संध्याकाळ त्याला वळसा घालून वावरा. कुणाचा ना कुणाचा पाय पडतोच, मग जागा आपोआप ठरते. हीटर, शेकोटी आणि रोजच्या वापरातलं दार यांच्यापासून झाड लांब हवं.

स्टँडही आत्ताच बघून ठेवा. त्याच्या तोंडात किती जाड खोड बसतं आणि भांड्यात किती पाणी मावतं, हे दोन्ही बघायचं. हिशेब सोपा आहे: खोडाच्या जाडीच्या दर इंचाला साधारण एक लिटर पाणी. चार इंची खोडाला चार लिटरचं भांडं. दिसायला सुबक आणि पोटाने लहान असे स्टँड पुष्कळ मिळतात, ते घेऊ नका.

२. शेवटचा शब्द कुणाचा, ते घरातून निघण्यापूर्वी ठरवा

ही पायरी टाळलीत, तर बाकीच्या सगळ्या वाया जातात.

दुसऱ्या वर्षी आम्ही काहीच न ठरवता गेलो. थोरल्याला सगळ्यात उंच झाड हवं होतं. धाकटीला सगळ्यात बुटकं हवं होतं, कारण त्याला मिठी मारता येत होती. नवऱ्याला सरळ खोड हवं होतं, मला चारी बाजूंनी भरलेलं झाड. आजींना वासाशिवाय कशाशीच देणंघेणं नव्हतं. दोन तास थंडीत फिरून आम्ही पहिल्यांदा बघितलेल्या झाडापाशी परत आलो. थोरला म्हणाला, “मी तर आधीच म्हटलं होतं.” त्याने तसं काही म्हटलेलं नव्हतं.

त्यानंतर नियम केले:

- दर वर्षी एकाची पाळी. शेवटचा शब्द त्याचा. बाकीच्यांनी सुचवायचं, हट्ट धरायचा नाही.
- प्रत्येकाला एकदाच ‘नको’ म्हणता येतं, आणि त्याला कारण द्यावं लागत नाही. लहान मुलं हा ‘नको’ पहिल्या पाच मिनिटांत उधळून टाकतात आणि मग हळहळतात. पुढच्या वर्षी जपून वापरतात.
- कागदावरची उंची आणि रुंदी याला कुणाचीच पाळी लागू नाही.
- पाऊण तास. त्यानंतर समोर जे बरं झाड असेल ते.

ज्याची पाळी नाही त्याला दुसरं काम द्या: टेप धरायची, करवत वाहायची, फोटो काढायचे. रिकाम्या हातांनी फिरणारं मूल अर्ध्या तासात भूक, थंडी आणि बूट चावणं या तीन तक्रारी घेऊन येतं.

३. कापलेलं, कुंडीतलं की कृत्रिम?

*कापलेलं झाड.* ही झाडं शेतातच लावलेली असतात. सहा-सात फूट वाढायला त्यांना साधारण सात ते दहा वर्षं लागतात. त्यामुळे ‘एवढं मोठं झाड उगाच मारलं’ ही टोचणी फार लावून घेऊ नका. ते पीक आहे आणि कापलेल्याच्या जागी नवीन रोप लागतं. शेतात जाऊन स्वतः कापलेलं झाड सगळ्यात ताजं. तयार विकायला उभी केलेली झाडं कधी कधी काही आठवडे आधी कापलेली असतात, म्हणून ती नीट तपासून घ्यावी लागतात.

*कुंडीतलं झाड.* मुळासकट येतं, नंतर बाहेर लावता येतं. ऐकायला छान वाटतं, पण घराच्या उबेत ते सात ते दहा दिवसच ठेवायचं. जास्त ठेवलं तर झाडाला वसंत आल्यासारखं वाटतं, कोंब फुटू लागतात आणि मग बाहेरच्या थंडीत ते मार खातं. मुळांच्या गोळ्यासकट त्याचं वजन दोन माणसांचं काम आहे, हेही आधी लक्षात घ्या.

*कृत्रिम झाड.* याला नाकं मुरडू नका. खऱ्या झाडाच्या फांद्यांवर बसलेल्या धुळीने आणि बुरशीने काहींना शिंका, खोकला सुरू होतो. आमच्या धाकटीला झाला, आणि एक वर्ष आम्ही कृत्रिम झाड आणलं. पर्यावरणाचा प्रश्न मात्र घोळाचा आहे. ब्रिटनच्या कार्बन ट्रस्ट या संस्थेच्या हिशेबाने दोन मीटरच्या कृत्रिम झाडामागे सुमारे ४० किलो कार्बन डायऑक्साइडएवढं उत्सर्जन होतं. तेवढंच खरं झाड कचऱ्याच्या भरावात कुजलं तर सुमारे १६ किलो, जाळलं तर ३.५ किलो. थोडक्यात, कृत्रिम झाड दहा-बारा वर्षं वापरणार असाल तरच घ्या.

कृत्रिम झाड निवडायलाही सगळ्यांनी मिळून जा. खोक्यावरचं चित्र बघून घेऊ नका, उभं केलेलं बघा. पीव्हीसीच्या कापलेल्या पट्ट्यांचं झाड हलकं आणि सपाट दिसतं, पीईच्या (पॉलिइथिलीन, हेही प्लास्टिकच) साच्यातल्या सुया खऱ्यासारख्या भरीव असतात. फांद्यांच्या टोकांची संख्या लिहिलेली असते, उंची सारखी असेल तर जास्त टोकांचं झाड घ्या. घरी प्रत्येक फांदी हाताने उलगडावी लागते, त्याला दोन तास सहज जातात. हे काम एकट्यावर टाकू नका. आमच्याकडे त्या वर्षीच्या सगळ्या गप्पा त्या दोन तासांत झाल्या.

४. झाडांची तोंडओळख

विकणारा नावं भराभर सांगतो. गोंधळू नका, एक सुई तोडा आणि दोन बोटांत फिरवा. चौकोनी असेल तर ती गोल फिरते: स्प्रूस. चपटी असेल तर फिरत नाही: फर. एकाच देठाला दोन, तीन किंवा पाच सुयांचा जुडगा असेल तर पाइन. मुलांना हे एकदा दाखवलंत की ती पुढची दहा वर्षं तुम्हाला शिकवतात.

- *नॉर्डमन फर:* कॉकेशसकडचं मूळ. सुया मऊ, टोचत नाहीत आणि बरेच दिवस टिकतात. वास जवळजवळ नाही. लहान मुलं असतील तर हेच.
- *फ्रेझर फर:* अमेरिकेतल्या दक्षिण ॲपलाचियन डोंगरांतलं. सुयांची खालची बाजू रुपेरी, फांद्या ताठ, जड दागिने पेलतात, वासही आहे.
- *बाल्सम फर:* वासासाठी. आजींचा कौल कायम याला.
- *नॉर्वे स्प्रूस:* लंडनच्या ट्रफाल्गर चौकात १९४७ पासून ऑस्लोकडून दर वर्षी भेट येतं ते हे झाड. बाहेर उभं करायला देखणं. घराच्या उबेत सुया लवकर गाळतं, म्हणून शेवटच्या आठवड्यातच आणा.
- *ब्लू स्प्रूस:* निळसर रंग फार सुंदर, पण सुया अशा टोचतात की दिवे लावताना हातमोजे लागतात. घरात मांजर असेल तर ते वर चढत नाही, हा मात्र फायदा.
- *स्कॉट्स पाइन:* वाळलं तरी सुया धरून ठेवतं.

डग्लस फर नावाने फर असलं तरी खरं फर नाही. त्याची फळं पडलेली मिळाली तर मुलांना द्या: प्रत्येक खवल्याखालून उंदराचे मागचे पाय आणि शेपूट बाहेर डोकावल्यासारखं दिसतं.

५. बरोबर काय न्यायचं

- मोजमापांचा कागद आणि टेप
- धनुष्याच्या आकाराची हातकरवत (शेतावर मिळते का ते आधी विचारा)
- जाड हातमोजे, बाह्या झाकणारे जुने कपडे
- जमिनीवर आडवं व्हायला प्लास्टिक किंवा जुनी चटई
- गाडीच्या टपावर अंथरायला जुनं पांघरूण
- मजबूत दोर किंवा पट्टे, सुतळी नको
- भडक रंगाचा रुमाल (याची गोष्ट पुढे येते)
- हाताला चिकटलेली राळ काढायला थोडं खाद्यतेल. साबणाने ती निघत नाही, तेलाने निघते.

शेतातून न घेता जंगलातून झाड कापणार असाल, तर कागदपत्रांची वेगळी तयारी लागते. अमेरिकेतल्या बऱ्याच राष्ट्रीय वनांत वनविभागाचा परवाना घेऊन झाड कापता येतं. परवाना, ओळखपत्र, परवानगी असलेल्या भागाचा नकाशा आणि झाडाला लावायचं लेबल बरोबर ठेवा. कुठली जात चालते, किती उंचीपर्यंत आणि रस्त्यापासून किती अंतरावर, याच्या अटी जागेगणिक बदलतात. परवान्याशिवाय जंगलातली एक फांदीही तोडू नका.

६. शेतात: बघा, ओढा, आपटा

आधी झाडाभोवती पूर्ण फेरी मारा. एक बाजू बोडकी असली तर लगेच नाकारू नका, ती भिंतीकडे करता येते. खोडाचा खालचा सहा-आठ इंच भाग फांद्यांविना मोकळा हवा, नाहीतर स्टँडमध्ये बसणार नाही. शेंडा चांदणी पेलेल इतका ताठ आहे का, तेही बघा.

ताजेपणा तपासायला फांदी मुठीत सैलसर धरून टोकाकडे ओढा. हातात हिरव्या सुया आल्या तर पुढे चला. कापून ठेवलेलं झाड असेल तर उचलून बुंधा जमिनीवर आपटा. आतल्या तपकिरी सुया पडतात, ते स्वाभाविक आहे. हिरव्या पडल्या तर झाड वाळलेलं. फरची ताजी सुई वाकवली की कडकन मोडते, पाइनची ताजी सुई मोडत नाही, नुसती वाकते.

आता रुमाल. झाड आवडलं, पण आणखी पुढे बघायचं असलं की लोक त्यावर खुणेचा रुमाल बांधतात. आम्हीही बांधला. वीस मिनिटांनी परत आलो तर झाड नव्हतं. ताज्या, ओल्या खुंटावर आमचा लाल रुमाल नीट घडी करून ठेवलेला होता. धाकटी तिथेच रडायला लागली, आणि मला मात्र त्या घडीचं हसू आवरेना. तेव्हा रुमाल आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ज्याला करवत वाहायचं काम दिलंय त्याला झाडापाशी उभं करा.

७. कापणं आणि गाडीवर बांधणं

एकाने चटईवर आडवं होऊन करवत चालवायची, दुसऱ्याने झाड धरायचं. ज्या बाजूला पाडायचं तिकडून आधी थोडा छेद घ्या, मग विरुद्ध बाजूने कापा. धरणाऱ्याने झाड करवतीपासून किंचित लांब झुकवत राहायचं, म्हणजे पातं अडकत नाही. लहान मुलांना झाडाच्या उंचीपेक्षा जास्त अंतरावर थांबवा.

जाळीत गुंडाळून देत असतील तर अवश्य घ्या. त्याआधी झाड हलवून देणारं यंत्र असेल तर तेही, म्हणजे वाळक्या सुया आणि चुकून राहिलेलं घरटं तिथेच पडतं. टपावर झाड ठेवताना बुंधा पुढे, शेंडा मागे. उलटं ठेवलंत तर वारा फांद्यांत शिरून त्या मोडतो.

८. घरी आल्यावरचे पहिले चोवीस तास

कापलेल्या खोडाच्या तोंडावर राळ जमते आणि पाणी वर चढायचं थांबतं. कापल्यानंतर सहा-आठ तासांच्या आत झाड पाण्यात गेलं पाहिजे. उशीर झाला असेल किंवा झाड तयार कापलेलं आणलं असेल, तर स्टँडमध्ये घालण्यापूर्वी बुंध्याची एक इंचाची चकती कापून टाका. काप सरळ आडवा. तिरका नको, टोकदार नको, खोडाला भोक तर मुळीच नको.

स्टँडमध्ये बसत नाही म्हणून खोड बाजूंनी तासू नका. पाणी ओढून घेण्याचं काम बाहेरचे थरच जास्त करतात. झाड उंच झालं तर खालून कापा, शेंड्याला हात लावू नका.

पहिल्या दिवशी झाड चार लिटरपर्यंत पाणी पिऊन टाकतं. साधं नळाचं पाणी पुरतं. साखर, ॲस्पिरिन वगैरे काही घालायची गरज नाही. पाण्याची पातळी कापाच्या खाली जाऊ द्यायची नाही, एवढं पाळलंत तर झाड तीन-चार आठवडे छान राहतं. पाणी घालायची जबाबदारी एकाचीच ठेवा. ‘सगळ्यांनी लक्ष ठेवा’ म्हटलं की भांडं कोरडं पडतं.

दिवे एलईडीचेच, ते तापत नाहीत. एके काळी लोक झाडावर मेणबत्त्या लावत. १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी घरच्या झाडावर ८० विजेचे दिवे चढवले, तेव्हा तो अप्रूपाचा विषय झाला होता. रात्री झोपताना आणि बाहेर पडताना दिवे बंद करा. मांजर असेल तर चमचमत्या पट्ट्यांच्या माळा लावू नका. गिळल्या की त्या आतड्यात अडकतात.

९. घर बदलतं, तेव्हा

पहिली पाच वर्षं मला वाटायचं की हे असंच चालणार. मग आजींचा गुडघा बिघडला. त्या वर्षी आम्ही शेत सोडून कापलेली झाडं मांडून ठेवतात तिथे गेलो. आजी गाडीत बसून राहिल्या आणि धाकटी प्रत्येक झाडाची पडलेली डहाळी नेऊन त्यांच्या नाकाशी धरत होती. चौथ्या डहाळीला त्या म्हणाल्या, “हेच.” तेवढ्या झटपट निवड आमच्याकडे आधी झाली नव्हती, नंतरही नाही.

थोरला शिकायला बाहेर गेला तेव्हा व्हिडिओ कॉलवर निवडायचं ठरलं. इथला सापळा लक्षात ठेवा: मोबाइलच्या पडद्यावर उंचीचा पत्ता लागत नाही. झाडाशेजारी दर वेळी एकच माणूस उभा करा आणि झाडाभोवती सावकाश फिरा. एका वेळी दोनच झाडं दाखवा. आठ दाखवलीत तर पलीकडचा माणूस ‘तुम्हीच ठरवा’ म्हणतो, आणि त्या वाक्यात जी नाराजी असते ती फोन ठेवल्यावर जाणवते.

एका वर्षी तो येणारच नव्हता, तेव्हा आम्ही कुंडीतलं नॉरफोक आयलंड पाइन आणलं. पॅसिफिक महासागरातल्या नॉरफोक बेटावरचं हे झाड घरात वर्षभर राहू शकतं. त्याचा शेंडा मात्र सांभाळा, तो मोडला की पुन्हा तसा सरळ शेंडा येत नाही. फांद्या नाजूक असतात, कागदी दागिनेच लावा. मला वाटलं होतं, एवढ्याशा झाडाने घर रिकामं दिसेल. पण १८४८ साली एका लंडनच्या साप्ताहिकात व्हिक्टोरिया राणी, तिचे पती अल्बर्ट आणि त्यांची मुलं झाडाभोवती उभी असलेलं जे चित्र छापून आलं, आणि ज्याने घरोघरी झाड न्यायची हौस वाढवली, त्या चित्रातलं झाडही टेबलावरच उभं आहे.

जाणारं माणूस आपली पाळी दुसऱ्याला देऊ शकतं, पण पाळी रद्द करू नका. परत येतं तेव्हा ते आधी तेच विचारतं.

१०. झाड उतरवताना

झाड पाणी प्यायचं थांबलं आणि सुया हात लावताच गळू लागल्या, की तारीख न बघता बाहेर काढा. वाळलेलं झाड ठिणगीने भडकतं. तुकडे करून घरातल्या शेकोटीत जाळू नका. दिवे, तारा, आकडे सगळे काढून घ्या. बऱ्याच ठिकाणी झाडं गोळा करून त्यांचा भुसा करतात आणि तो बागांत पसरतात. जुन्या चादरीत गुंडाळून झाड बाहेर न्या, नाहीतर उन्हाळ्यातही सोफ्याखाली सुया सापडतात.

बुंध्याची कापलेली चकती मात्र फेकू नका. हवेशीर सावलीत दोन-तीन महिने वाळू द्या. घाई करून हीटरजवळ ठेवली तर मोठा तडा जातो, सावकाश वाळवली तरी लहानसा जातोच. तिच्यावर पेन्सिलीने वर्ष आणि कुणाची पाळी होती ते लिहा. लाकडातली गोल कडी मोजा (वाढीच्या दर वर्षाला एक), आमच्या एका चकतीवरची कडी धाकटीच्या वयापेक्षा दोनने जास्त भरली, त्याचा तिला फार राग आला होता. कृत्रिम झाडाच्या वर्षी तिने खोक्याच्या पुठ्ठ्याची चकती कापून त्यावर स्वतःच कडी काढली.

पहिल्या वर्षाची चकती बाकीच्या चकत्यांशेजारी ठेवली की ओंडक्यासारखी दिसते. चांदणीची मान दुखू लागली म्हणून तिसऱ्या दिवशी नवऱ्याने झाड आडवं करून खालून सहा इंच कापलं होतं, तो हा तुकडा. त्याच्या मागे त्याच्याच अक्षरात लिहिलंय: ‘झाड स्टँडसकट ८ फूट ५ इंच. छत ८ फूट.’